लाल गाडीची कुई

काकासाहेबांच्या सवयी गल्लीला पाठ होत्या.

गाड्या दुरुस्त करायच्या शेडमध्ये बसायचे ते भिंतीला पाठ लावून, तोंड रस्त्याकडे करून. मोबाइल कायम शर्टाच्या वरच्या खिशात, छातीला चिकटून, आणि घंटी बंद. चहा आला की पेला चालू गाडीच्या बॉनेटवर ठेवायचे आणि चहाकडे टक लावून बघत राहायचे. निवला तरी हरकत नसे. गाडीच्या पलीकडून कुणी काही बोललं तर वळसा घालून त्याच्यासमोर यायचे, मगच "हं, बोला" म्हणायचे. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावायचे आणि मूठ दातांत धरायचे. विनोदावर सगळ्यांच्या मागून हसायचे. रोज सकाळी बोटांची टोकं वजरीनं घासायचे आणि वर दुधाची साय चोळायचे. शेजारचा पंक्चरवाला म्हणायचा, "मिस्त्री हाय का नवरी?"

आणि सगळ्यांत मोठी सवय. गाडीत आवाज येतो म्हणून कुणी आलं, की काकासाहेब बॉनेटला हात लावत नसत. आधी म्हणत, "तोंडानं काढून दाखवा."

मग मिशीवाले, पोटवाले, चांगले शिकलेले लोक रस्त्यात उभे राहून खर्रर्र करत, टकटकटक करत, घूंऽऽ करत. काकासाहेब त्यांच्या तोंडात असं बघत, जणू दाढ किडली आहे का ते पाहताहेत. लोकांना गंमत वाटे. बाहेर पाटी होती: 'गाडीचे सर्व प्रकारचे आवाज काढून मिळतील.' मुकुंदवाडीच्या त्या मागच्या गल्लीत चिकलठाण्यापासून, शेंद्र्यापासून गाड्या यायच्या त्या या पाटीवर.

समोरच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर तनुजा दहावीच्या मुलांची शिकवणी घेई. पंचवीस वर्षांची, मराठीत एम.ए. तिची स्कूटर काकासाहेबांच्या शेडच्या सावलीत उभी असायची. मैत्री झाली ती शब्दांवरून. एकदा एक गिऱ्हाईक नुसतंच "आवाज येतो हो, आवाज" करत होतं. तनुजा जाता जाता म्हणाली, "करकर का किरकिर, ते तरी सांगा." काकासाहेबांनी तिला थांबवून घेतलं. त्या दिवसापासून ती मास्तरीण झाली. करकर म्हणजे कोरडं रबर, घरघर म्हणजे बेअरिंग, खडखड म्हणजे ढिला नट, असं दोघांनी मिळून ठरवून टाकलं होतं.

तिच्या स्वतःच्या स्कूटरचा पुढचा ब्रेक दोन वर्षं किंचाळत होता. रोज ती शेडसमोर ब्रेक दाबायची आणि गल्लीतली कुत्री कान टवकारायची. काकासाहेबांनी एका शब्दानं विचारलं नव्हतं. तिला वाटे, घरच्या माणसाच्या गाडीकडे कोण लक्ष देतं.

एका सोमवारी सकाळी अकराच्या सुमाराला लाल गाडी आली.

गल्लीनं अशी गाडी पाहिली नव्हती. दोन दारं, दोनच सीट, उंची कमरेएवढी. तीस वर्षांपूर्वीची परदेशी स्पोर्ट्स कार. तिच्यातून आधी एक पाय बाहेर आला, मग दाराला धरलेला हात, मग बऱ्याच वेळानं उरलेले मधुसूदनराव. निवृत्त वकील, वय अडुसष्ट. पलीकडून त्यांच्या पत्नी मीनाक्षीताई उतरल्या.

"क्लच दाबला की आवाज येतो," वकील म्हणाले. "रविवारी आमच्या जुन्या गाड्यांच्या मंडळाची अजिंठ्याला फेरी आहे. पुढच्या घाटात शंभर वेळा क्लच दाबावा लागणार. आणि ही म्हणते, आवाज गेल्याशिवाय मी पुन्हा या गाडीत पाय ठेवणार नाही."

"नाहीच ठेवणार," मीनाक्षीताई म्हणाल्या. "परवा सिग्नलला रिक्षावाल्यानं विचारलं, आजी, मांजर कुठं कोंडलंय?"

काकासाहेब वकिलांच्या समोर येऊन उभे राहिले. "तोंडानं काढून दाखवा."

 चाळीस वर्षं कोर्टात वकील वाटेल ते बोलले होते, पण असलं काही तोंडातून काढलं नव्हतं. इकडं तिकडं बघून ते हळूच म्हणाले, "कुई."

"कुई का कुर्र?"

"कुई."

"आत कुनी हात लावलाय का? तेल, ग्रीस, काही?"

"छे! मी कुणाला हात लावू देत नाही."

वकिलांना फोन आला म्हणून ते रस्त्याकडे गेले. मीनाक्षीताई शब्दाप्रमाणे रिक्षानं घरी निघून गेल्या. कुई म्हणजे स्प्रिंग. काकासाहेब गुडघ्यावर बसले, आत हात घातला, क्लचच्या पेडलाच्या स्प्रिंगला ग्रीस लावलं. हातानं चार-पाचदा पेडल दाबलं. उठले, हात पुसले.

"गेला आवाज," ते म्हणाले.

तनुजा तिथंच उभी होती. पेडल दाबलं तेव्हा पाचही वेळा तिनं आवाज ऐकला होता. लांब, वैतागलेला, शेवटी वर चढणारा. तिनं काकासाहेबांकडे पाहिलं. ते शांत होते. वकील आले, बसले, क्लच दाबला. आवाज आला. त्यांनी चमकून वर पाहिलं, पण मिस्त्रीच्या चेहऱ्यावरची खात्री बघून काही बोलले नाहीत. ग्रीस मुरायला वेळ लागत असेल, असं बहुतेक त्यांना वाटलं. गाडी कोपऱ्यावर वळली तेव्हा आवाज पुन्हा आला.

मंगळवारी गाडी परत आली. या वेळी मीनाक्षीताई नव्हत्या.

"काकासाहेब, गेला नाही," वकील सभ्यपणे म्हणाले.

काकासाहेबांचा चेहरा उतरला. "ठेवून जा. शनिवारी न्या."

वकील रिक्षात बसून गेले. तनुजा शेडमध्येच थांबली. शेडमागच्या इमारतीत वरच्या घरात कुकरची शिट्टी झाली. मग दुसरी. दुसरी तर चांगली लांबली. काकासाहेब टोपणात नट मोजत होते. मान हलली नाही.

तनुजा त्यांच्या समोर गेली. "काका, वरच्यांच्या कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या?"

काकासाहेबांनी टोपण खाली ठेवलं.

"परीक्षा घेती व्हय, मास्तरीण?"

 त्यांनी स्टूल ओढलं, बसले.

"शिट्टी मला ऐकू येत नाय," ते म्हणाले. "बारीक आवाज कुठलाच येत नाय. लई वर्षं झाली."

ते देवगाव रंगारीचे. एकोणिसाव्या वर्षी शहरात आले आणि चिकलठाण्याच्या एका कारखान्यात प्रेसवर लागले. पत्रा ठेवायचा, बटणं दाबायची, धाड. मिनिटाला बारा वेळा. बावीस वर्षं. "कापूस घालायचो कानात. मग मुकादम काय म्हनतो ते कळायचं नाय, अन् तो शिव्या घालायचा. काढला कापूस." आधी पाखरं गेली. मग बायकोच्या, आशाबाईंच्या, बांगड्या. मग कुकर, घंटी, लेकराचं रडणं. जाड आवाज राहिले. "बाप्याचं बोलनं कळतं. बायांचं तोंड बघून."

 दोन वर्षं तनुजा या माणसाशी बोलत होती. दोन वर्षं तो तिचं बोलणं बघत होता. बॉनेटवरचा चहा, दातांतला स्क्रू-ड्रायव्हर, छातीवरचा मोबाइल, सगळं तिच्या डोळ्यांसमोर नव्यानं मांडलं गेलं. भाषा शिकवणारी ती. तिच्या लक्षात आलं नव्हतं.

"मग गाड्यांचे आवाज कसे काढता?"

"आवाज म्हंजी थरथर. कानाला नाय लागली तर बोटाला लागती. जिथं लागती तिथं दुखनं." त्यांनी बोटांची टोकं तिला दाखवली. मिस्त्रीची नव्हतीच ती. गुळगुळीत, गुलाबी. "कारखाना बंद पडला, मी हे शेड टाकलं. लोक म्हनले, काय कान हाय गड्याचा! मी कशाला नाय म्हनू? पाटी लावली. नाव झालं. आता हे बाहेर गेलं की शेडला कुलूप. बहिऱ्याकडं कोन आवाज घेऊन येईल?"

"मी बसते गाडीत," तनुजा म्हणाली. "तुम्ही काम करा. आवाज आला की मी हात वर करते."

"नाय."

"काहून? कुणाला कळणार आहे?"

"तू आज हायेस. उद्या नोकरी लागंल, लगीन हुईल. मग कुनाचे कान मागत फिरू?" ते उठले. "अन् काल चूक माझी हाय. मी बोट लावलंच नाय. वकील कुई म्हनले, मी स्प्रिंग समजलो. आळस केला. 'गेला' म्हनलो, अन् मला ठाऊकच नव्हतं गेला का नाय. ते मलाच निस्तरायचंय."

बुधवारी त्यांनी लाल गाडीची सीट काढून बाहेर ठेवली. आत गोणपाट अंथरलं, उलटे आडवे झाले, डोकं डॅशबोर्डच्या खाली, पाय दाराबाहेर. एकोणसाठ वर्षांच्या माणसाला ती जागा नव्हती. डाव्या हातानं पेडल दाबायचं, उजव्या हाताचं बोट एकेका सांध्यावर ठेवायचं. पुन्हा दाबायचं. बोट जरा सरकवायचं.

तनुजा शिकवणीच्या दोन तासांच्या मध्ये गॅलरीतून डोकवायची. लाल गाडीतून फक्त दोन पाय बाहेर दिसायचे. मध्येच ते आखडायचे, मग पुन्हा सरळ व्हायचे. चहावाला दोनदा येऊन गेला. दोन्ही वेळा चहा तसाच राहिला.

"काका, जिवंत हाय ना?" पंक्चरवाल्यानं पायाला गुदगुल्या केल्या.

"तुझ्या तेराव्याला येईन मी," आतून आवाज आला.

संध्याकाळी ते बाहेर आले तेव्हा मान एका बाजूला वळत नव्हती. "स्प्रिंग नाय. पिन नाय. खालचा रॉडबी नाय," ते तनुजाला म्हणाले. "वर हाय. पेडल ज्या दांडीवर लटकतं, तिथं. तिथं बोट पोचत नाय. पन खालच्या सगळ्या जागा गप हायेत. म्हंजी चोर वरच."

पेडल एका बोटभर जाडीच्या लोखंडी दांडीवर लटकलेलं असतं. दांडीला दोन्हीकडून प्लास्टिकच्या कड्या असतात, त्यांना बुश म्हणतात. गुरुवारी त्यांनी दांडीचा नट खोलला. दांडी आपोआप सरकून हातात यायला हवी होती. ती हलेचना.

पंक्चरवाला म्हणाला, "हातोडा घाला सरळ."

"घातला असता. पन बाजूचं काही मोडलं तर इथं मिळायचं नाय. मग वकीलसाहेब अजिंठ्याला एसटीनं जातील." लाकडाचा ठोकळा मध्ये धरून ते टुक, टुक करत राहिले. एक ठोका, मग बोट लावून बघायचं. सरकली का? नाही. पुन्हा एक ठोका. गुरुवार तसाच गेला. तनुजा घरी निघाली तेव्हा ते आतच होते. ती म्हणाली, "काका, पुरे आता." त्यांनी पाहिलं नाही, म्हणून ऐकलंही नाही.

शुक्रवारी दुपारी दांडी आली. तांदळाच्या दाण्याएवढी सरकत सरकत, शेवटी एकदम हातात.

काकासाहेबांनी ती उजेडात धरली. दांडीवर तपकिरी, चिकट पापुद्रा बसला होता. वाळलेल्या डिंकासारखा. त्यात तीन पावसाळ्यांची धूळ रुतली होती. त्यांनी अंगठा घासला, नाकाशी नेला, थांबले. पुन्हा नाकाशी नेला.

आशाबाई डबा घेऊन आल्या होत्या. काकासाहेबांनी दांडी त्यांच्या नाकासमोर धरली. "हे काय हाय?"

आशाबाईंनी वास घेतला. नेहमीप्रमाणे नवऱ्याच्या तोंडासमोर तोंड नेऊन त्या मोठ्यानं म्हणाल्या, "करडईचं तेल! गाडीत भजी तळली का काय कुनी?"

"नक्की?"

"माझ्या माहेरी घाना होता. माझं नाक चुकायचं नाय. तुमच्या कानासारखं हाय व्हय ते?" बोलून गेल्या आणि त्यांनी जीभ चावली. तनुजा बाजूलाच उभी होती.

"तिला म्हाईत हाय," काकासाहेब म्हणाले.

"बरं झालं," आशाबाई म्हणाल्या. "मी एकटी किती ओरडू?"

करडईच्या तेलाचं असं असतं. कढईच्या काठाला राहिलं आणि पुसायचं विसरलं, की दोन दिवसांत चिकटतं, महिन्यात वाळून कातडी धरतं. हे कुठल्याही स्वयंपाकघराला ठाऊक असतं. गाडीत ते कुणी शोधणार नाही. कुणी घालतच नाही.

काकासाहेबांनी पापुद्रा पेट्रोलमध्ये भिजवला, फडक्याच्या चिंध्यांनी घासला. दांडीखाली पुन्हा लख्ख लोखंड दिसू लागलं. बुश मात्र झिजून गेले होते. लेथवाल्याकडून त्यांनी नायलॉनचे दोन नवे करून आणले. पहिली जोडी अंगठ्याला घट्ट लागली. परत पाठवली. दुसरी आली ती अंधार पडता पडता.

शनिवारी सकाळी सगळं जागच्या जागी बसलं. प्लास्टिकला चालणारं पांढरं ग्रीस लावलं. या वेळी दांडी आत ढकलण्याआधीच त्यांनी वरून एक बारीक तार घालून ठेवली होती. तारेचं एक टोक बुशला टेकलेलं, दुसरं दातात. मग पेडल दाबायला सुरुवात केली. दहा वेळा. वीस वेळा. तनुजा शेडमध्ये होती. तिनं भिंतीकडे तोंड केलं. आवाज आला किंवा नाही आला, तिच्या चेहऱ्यावरून ते त्यांना कळायला नको होतं.

पन्नास वेळा दाबून झाल्यावर काकासाहेबांनी तार काढली. "गप झालं," ते म्हणाले. तिला विचारलं नाही.

अकराला वकील आले, मीनाक्षीताईही आल्या. वकील सीटवर बसले, क्लच दाबला. काही नाही. पुन्हा दाबला. मीनाक्षीताईंनी खिडकीतून डोकं आत घातलं.

"मांजर गेलं," त्या म्हणाल्या.

काकासाहेबांनी कागदाची पुडी उघडली. आत तपकिरी खरवड होती. "साहेब, कुनीतरी करडईचं तेल घातलं होतं. एकदा नाय. लई दिवस."

वकिलांचे कान लाल झाले. त्यांनी पुडी हातात घेतली. मग म्हणाले, "आमच्या घरी झोपाळ्याच्या कड्यांना तेच घालायचे. वडील घालायचे. मी... दर रविवारी दोन थेंब. दोन दिवस बरं वाटायचं."

"म्हणजे माझ्या ओट्यावरची बाटली!" मीनाक्षीताई म्हणाल्या. "आणि मी तीन वर्षं स्वयंपाकाच्या मुक्ताबाईंना बोलतेय, तुमचा हात तेलाला सैल आहे म्हणून! आज घरी चला. त्यांच्यासमोर सांगा हे."

"सांगतो," वकील म्हणाले. मग कष्टानं गाडीतून बाहेर आले आणि काकासाहेबांसमोर उभे राहिले. "सोमवारी तुम्ही विचारलंत, मी छे म्हणालो. तेल घालणं म्हणजे हात लावणं, हे मला वाटलंच नव्हतं. पण ते खोटंच झालं. तुमचा आठवडा त्यात गेला." त्यांनी हात जोडले. "कान मात्र कमाल आहे तुमचा, काकासाहेब. उद्या मंडळात सगळ्यांना सांगतो."

 काकासाहेब नुसते हसले असते तरी भागलं असतं. पाटी वर होतीच.

पण त्यांनी फडकं घेतलं. एकेक बोट पुसलं. दहाही पुसून झाली.

"कान नाय, साहेब," ते म्हणाले. "तुम्ही खरं बोललात, म्हनून मीबी बोलतो. माझे कान प्रेसवर गेले. तुमच्या गाडीचा आवाज मी एकदाबी ऐकला नाय. सोमवारी 'गेला' म्हनलो ते अंदाजानं. आज बोटानं अन् दातानं बघून म्हनतोय."

पंक्चरवाल्याचा हात हवेतच राहिला.  वकील एक पाऊल पुढे आले, काकासाहेबांना आपलं तोंड नीट दिसेल असे.

"मग मी कुई म्हणालो ते..."

"ती कुई खोटी होती. खरी कुर्र असनार."

"कुर्रच!" मीनाक्षीताई म्हणाल्या, आणि पदर खोचून त्यांनी तोंड पूर्ण उघडलं. "कुर्रर्रर्र-ईऽऽ!"

पलीकडच्या गल्लीतून कुत्रं भुंकलं. काकासाहेबांनी त्यांचं तोंड बारकाईनं पाहिलं. "हे असं सोमवारी काढलं असतं, तर सोमवारीच काम झालं असतं."

सगळे हसले. काकासाहेब सगळ्यांच्या आधी.

संध्याकाळपर्यंत गल्लीला कळलं. रविवारी लाल गाडी अजिंठ्याला जाऊन आली, दोघांना घेऊन. पण सोमवारी शेडवर आवाजाची एकही गाडी नव्हती. मंगळवारी एकाचं ऑइल बदललं. बुधवारी एक जुनं गिऱ्हाईक जीप घेऊन आलं, वेग कमी केला, पाटीकडे पाहिलं आणि पुढे निघून गेलं. जीप खडखडत होती. ते काकासाहेबांनाही ऐकू आलं. ते भिंतीला पाठ लावून, तोंड रस्त्याकडे करून बसले होते. सकाळी बोटांना साय चोळली होती.

"पाटी काढायची का?" आशाबाईंनी विचारलं.

"पाटीत काय खोटं लिवलंय?"

गुरुवारी तनुजानं शेडसमोर ब्रेक दाबला. पंक्चरवाल्यानं कानावर हात ठेवले. काकासाहेबांनी ते पाहिलं.

"मास्तरीण, तुझ्या गाडीचा आवाज येतो?"

"पुढचा ब्रेक, काका."

"कवापासून?"

"दोन वर्षं."

"दोन वर्षं! अन् बोलली नाय?"

"मला वाटायचं, ऐकून सोडून देताय."

काकासाहेबांनी कपाळाला हात लावला. मग स्टूल ओढलं. "काढून दाखव तोंडानं."

मराठीत एम.ए. झालेल्या तनुजानं भर रस्त्यात तोंड वाकडं केलं. "चींऽऽऽ."

"ब्रेकचे शू," काकासाहेब म्हणाले. "घासून द्यावे लागतील. बस, अर्ध्या तासात देतो." त्यांनी स्कूटरखाली वीट लावली, पुढचं चाक काढलं, ब्रेकचे दोन शू बाहेर काढून वर्तमानपत्रावर ठेवले. एक उचलला. पॉलिशपेपरनं घासायचा, बोट फिरवून बघायचं, पुन्हा घासायचा. तो खाली ठेवला आणि दुसऱ्याला हात घातला.

तेवढ्यात पांढरी मोटार येऊन थांबली. शेंद्र्याचा एक माणूस उतरला. काकासाहेबांच्या अगदी समोर उभा राहिला आणि एकेक शब्द तोडत ओरडला, "वकील! साहेबांनी! पाठवलंय! आवाज! येतो!"

"ओरडू नका," काकासाहेब म्हणाले. "बहिरा हाय, येडा नाय. तोंड दिसू द्या फक्त. हं, काढा आवाज."

तो माणूस इकडं तिकडं बघू लागला. त्याच्या मागं आणखी एक गाडी येऊन उभी राहिली होती.

तनुजा त्या दिवशी रिक्षानं घरी गेली. दुसऱ्या दिवशीही. स्कूटर अजून विटेवर आहे, पुढचं चाक भिंतीला टेकलेलं. वर्तमानपत्रावर एक शू घासून ठेवला आहे. दुसऱ्यावर काकासाहेबांच्या अंगठ्याचा ठसा आहे, तो अजून घासायचा आहे.